वाचक विचारतात : कमानीवरून चर्चचं वय

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला जातोय. तिच्या गावातल्या जुन्या चर्चवर बांधणीचं साल कुठेच नाही. वय कसं ओळखावं? आतल्या स्मृतिशिलांवरच्या तारखांवर विसंबता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी खिडक्या बघा. अर्धगोल कमान आणि जाडजूड भिंत म्हणजे नॉर्मन काम (१०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांची शैली), साधारण ११९० पर्यंतचं. अरुंद, उंच, टोकदार आणि बिननक्षीची खिडकी बहुधा तेराव्या शतकातली. माथ्यावरची दगडी जाळी वेलीसारखी वळू लागली की चौदाव्याचा पूर्वार्ध. जाळीच्या पट्ट्या सरळ उभ्या वर गेल्या असतील तर १३५० नंतरचं.

मात्र एका खिडकीवरून अख्ख्या इमारतीचं वय ठरवू नका. ही चर्चं तुकड्यातुकड्यांनी वाढली. जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं नेहमीचंच. मनोऱ्याची पूर्वेकडची बाजू बघा. छपराच्या वर उलट्या व्हीसारखी तिरकी रेघ दिसली, तर जुनं छप्पर तिथवर उंच होतं. शिवाय एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली बरंच काही बदललं गेलं, कधी गरजेपेक्षा जास्तच. दगडाच्या कडा फार धारदार असतील तर शंका घ्या. टोकदार कमान म्हणजे मध्ययुग नव्हे. आपल्या कॅम्पातलं सेंट पॉल्स चर्च गॉथिकच, म्हणजे त्याच टोकदार कमानींच्या शैलीचं आहे, पण एकोणिसाव्या शतकातलं.

शिलेवरची तारीख मृत्यूची असते. शिला बरीच नंतरही बसवलेली असू शकते. त्यात १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून तिथला फेब्रुवारी १७१२ आपल्या हिशेबाने १७१३.

भिंतीवर चौकट कोपऱ्यावर उभी केल्यासारखी, कुलचिन्ह रंगवलेली लाकडी फळी असेल तर पार्श्वभूमी बघा. आपल्या डावीकडचा अर्धा भाग काळा : नवरा वारला, बायको हयात. उजवा काळा : उलट.

प्रश्न : फरशीतल्या पितळी आकृतीचा ठसा कागदावर घेता येतो का?

उत्तर : चर्चची परवानगी काढूनच, बऱ्याच ठिकाणी शुल्कही असतं. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. एक खडा राहिला तरी कागद फाटतो आणि पितळावर चरा पडतो. कागद मास्किंग टेपने दगडावर चिकटवा, पितळावर नको. मग मेण-काजळीचा कडक खडू हलक्या, सारख्या दाबाने फिरवा. आकृती उजळ यावी म्हणून पॉलिश मात्र लावू नका. घासून घासून बारीक रेषा झिजतात.