कॉर्पोरेट ट्रेनर होण्यासाठी कोणता कोर्स करावा आणि सत्र रंगतदार कसे करावे?

आपण लिहिले आहे की महाविद्यालयात असताना अनेक कार्यक्रमांचे सूत्रसंचालन केले, लोकांसमोर बोलताना संकोच वाटत नाही, सध्या ऐरोलीत नोकरी आहे आणि ती सोडून कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देण्याचा व्यवसाय करायचे मनात आहे. त्यासाठी कोणता कोर्स करावा, पैसे किती मिळतात आणि सत्र रंगतदार कसे करावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला कुठेही मिळतील. तिसरा वाचून मात्र मला राहवले नाही, कारण सत्र रंगलेच पाहिजे या आग्रहापायी रबाळ्यातील एका औषध कंपनीचे काम माझ्या हातून गेले आणि तेव्हा जे सांगायला हवे होते ते मला पुरते सांगू दिले गेले नाही.

कोर्सचे थोडक्यात सांगते. या व्यवसायाला परवाना लागत नाही. इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट ही संस्था १९७० पासून आहे आणि तिची पदविका एचआर विभागांना माहीत असते. सुरक्षिततेच्या विषयात काम करायचे असेल तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे आणि शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. दोन्हीकडचे अभ्यासक्रम भक्कम आहेत. शनिवार-रविवारात ‘मास्टर ट्रेनर’चे प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांवर पैसे घालवू नका. तिथे उभे कसे राहावे, आवाज कुठे चढवावा, स्लाइडवर किती ओळी असाव्यात हे शिकवतात, आणि सूत्रसंचालन केलेल्या माणसाला त्यातले बरेचसे आधीच येत असते. दुसऱ्याचे काम नीट पाहायचे कसे, हे तिथे कोणी शिकवत नाही, आणि या व्यवसायाचा निम्म्याहून अधिक भाग तोच आहे.

रबाळ्याच्या त्या कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरण्याच्या विभागात एका बॅचची खोकी दुसऱ्या बॅचमध्ये मिसळण्याचे प्रकार घडले होते. माल बाहेर जाण्यापूर्वी ते लक्षात आले होते, तरी औषधांच्या कारखान्यात ही फार गंभीर गोष्ट मानतात, कारण खोक्यावर छापलेला बॅच क्रमांक आणि मुदत आतल्या गोळ्यांशी जुळली नाही तर सगळी बॅच अडकून पडते, आणि ती नजरचुकीने बाजारात गेली तर रुग्णाच्या जिवाशी गाठ असते. एचआर विभागाने मला बोलावले ते ‘कामगारांची मनोवृत्ती सुधारण्यासाठी’ अर्ध्या दिवसाचे सत्र घ्यायला. या व्यवसायात येण्यापूर्वी मी स्वतः पॅकिंग विभागात सुपरवायझर होते, त्यामुळे दोष मनोवृत्तीचा आहे हे मला सहजासहजी पटेना. सत्रापूर्वी पाळी बदलण्याच्या वेळी मला पॅकिंगच्या लाइनवर उभे राहू द्यावे, अशी अट मी घातली. एचआर प्रमुखांना ती अनावश्यक वाटली. प्रॉडक्शनच्या साहेबांनी मान्य केली.

एक बॅच संपली की लाइनवरचे तिचे सगळे सामान, म्हणजे फॉइल, खोकी, माहितीपत्रके, सुट्या पट्ट्या, काढून लाइन मोकळी करायची, आणि क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, माणसाने तपासून सही केल्यावरच पुढची बॅच घ्यायची, याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. त्या दिवशी बॅच संपली ती पाळी सुटण्याच्या तोंडावर, आणि कंपनीची बस गेटवर लागलेली होती. ऑपरेटरने कन्व्हेअर पुसला, टेबल पुसले, उरलेली खोकी मोजून परतीच्या ट्रेमध्ये ठेवली आणि क्यूएची वाट पाहता पाहता तपासणीच्या यादीवर खुणा करून टाकल्या. यादी इंग्रजीत, बारीक टायपात होती आणि पट्ट्या खोक्यांत भरणाऱ्या संपूर्ण कार्टनिंग मशीनसाठी तिच्यात एकच रकाना होता. मी खाली वाकून पाहिले. ज्या मॅगझिनमधून मशीन एकेक खोके ओढून घेते, त्याच्या खालचा पत्रा आणि गार्ड, म्हणजे मशीनचे संरक्षक झाकण, यांच्यामधल्या फटीत घडी केलेली दोन खोकी उभी अडकली होती. समोरून ती दिसतच नव्हती. गार्ड उघडून, बाजूने बॅटरी मारली तरच दिसत होती. तो ऑपरेटर मन लावून काम करणारा माणूस होता, पण त्या फटीत पाहायचे असते हे त्याला आजवर कोणी दाखवले नव्हते. त्याच्या प्रशिक्षणाची नोंद मात्र सहीसह फाइलमध्ये होती, कारण एसओपी, म्हणजे कामाची लेखी कार्यपद्धती, वाचून दाखवली की प्रशिक्षण झाले, असे तिथे धरले जात असे.

मी हॉलमधले सत्र रद्द करायला लावले आणि चार-पाच जणांच्या गटांना थेट मशीनपाशी नेले. मशीन बंद करून, क्यूएच्या परवानगीने आणि मोजून घेतलेली काही रद्द खोकी अशाच अवघड जागी ठेवली आणि लाइन मोकळी करायला सांगितले. पहिल्या गटाला त्यातली बहुतेक सापडली नाहीत. मग गार्ड कुठून उघडायचा, बॅटरी कोणत्या बाजूने धरायची आणि नेमके तिथेच खोके का अडकते, हे एकेक करून दाखवले, आणि नंतर प्रत्येकाकडून करवून घेतले. दिघ्याहून येणारी एक ऑपरेटर बराच वेळ गप्प होती. तिने शेवटी विचारले, “आणि मॅडम, रिजेक्ट बिनच्या मागे पण जातात, ते कोण बघतं?” मशीनने बाद केलेला माल ज्या पेटीत पडतो तिच्या मागची ती जागा मला माहीत नव्हती, क्यूएलाही नव्हती. पुढे क्यूएने रीतसर बदल करून यादी मराठी आणि हिंदीत केली, आणि या दोन्ही जागांना स्वतंत्र रकाने दिले.

ही पद्धत माझी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवख्या माणसांना कारखान्यांत झपाट्याने तयार करण्यासाठी अमेरिकन सरकारने १९४० ते १९४५ या वर्षांत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा उपक्रम चालवला, त्यातली ही आहे. युद्धानंतर ती जपानी कारखान्यांत रुजली. आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची, मग काम करून दाखवताना मोक्याच्या गोष्टी आणि त्यांची कारणे सांगायची, मग त्याच्याकडून काम करवून घेत तीच कारणे त्याच्या तोंडून ऐकायची, आणि शेवटी त्याला कामावर सोडून अधूनमधून जाऊन पाहायचे. आपल्याकडे दुसरी पायरी संपली की चहा येतो आणि फोटो काढले जातात. तिसरी आणि चौथी पायरी गाळली, तर त्याला माहिती देणे म्हणा, प्रशिक्षण म्हणू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

सत्रानंतर एचआरने अभिप्राय पत्रके भरून घेतली. प्रशिक्षकाची ऊर्जा कशी होती, सत्र आनंददायी झाले का, सभागृह आणि जेवण कसे होते, एवढेच त्यात विचारले होते. पाळी संपल्यावर मशीनपाशी उभे राहिलेल्या माणसांनी मला बेताचेच गुण दिले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. एचआर प्रमुख बैठकीत म्हणाले, “मॅडम, एनर्जी नव्हती. ट्रेनिंगमध्ये लोक खूश झाले पाहिजेत, बाकीचं प्रॉडक्शन बघेल.” मी उत्तर द्यायला लागले तर त्यांनी पुढचा विषय घेतला. त्यानंतरचे काम त्यांनी अशा गृहस्थांना दिले जे वाशीच्या एका हॉलमध्ये फुगे फुगवण्याचे खेळ घेतात आणि शेवटी सगळ्यांकडून घोषणा देववतात.

तेव्हा जे उत्तर अर्धवट राहिले ते इथे पूर्ण करते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये सुरू झालेल्या लेखमालेतून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना कसे वाटले, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का, आणि त्याचा कामाच्या निष्पत्तीवर काय परिणाम झाला. एचआर क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे परीक्षेपुरते पाठ असते. त्या अभिप्राय पत्रकाने पहिल्या पातळीवरचीही एक छोटी बाजूच मोजली आणि निर्णय चारही पातळ्यांचा दिला. शिवाय आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कलम ७.२ मध्ये, कर्मचाऱ्यांची क्षमता वाढवण्यासाठी जे काही केले ते परिणामकारक ठरले का, हे तपासायला स्पष्ट सांगितले आहे. हा मुद्दा मी बैठकीत काढला, तेव्हा तो ऑडिटचा विषय आहे असे म्हणून बाजूला ठेवला गेला. कामाशी ज्याचा संबंध नाही ते ऑडिटमध्ये विचारले तरी कशाला असते?

तिसऱ्या पातळीचे म्हणाल तर ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. प्रॉडक्शनच्या साहेबांनी आपल्या विभागाच्या खर्चातून मला काही आठवड्यांनी पुन्हा बोलावले. दिघ्याची तीच ऑपरेटर कंत्राटावर नुकत्याच लागलेल्या एका मुलाला लाइन क्लिअरन्स शिकवत होती. तो चुकीच्या बाजूने वाकत होता आणि तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते मागे बांधून ठेवले होते. तो गार्डला हात लावणार इतक्यात तिने त्याला थांबवले आणि म्हणाली, “का उघडायचं ते सांग आधी.” त्याने सांगितल्यावरच तिने पुढे जाऊ दिले. मी कोणालाही प्रशिक्षक बनवायला गेले नव्हते; तिला ज्या रीतीने शिकवले गेले, त्याच रीतीने ती शिकवत होती.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की नोकरी लगेच सोडू नका. आपल्याच कंपनीत नव्याने येणाऱ्या माणसाला एखादे काम असे शिकवून पाहा की पुढच्या महिन्यात तो ते आपल्याशिवाय बिनचूक करील. एक क्षेत्र पक्के धरा. सगळ्या विषयांची माहितीपत्रके छापणाऱ्या प्रशिक्षकांकडे प्रॉडक्शनची माणसे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि प्रत्येक अडचणीवर प्रशिक्षण हा उपाय नसतो, हे लेखी सांगण्याची तयारी ठेवा. त्या कंपनीत क्यूएचा एक माणूस अनेक लाइन सांभाळत होता, त्यामुळे तो वेळेवर पोहोचत नसे आणि ऑपरेटर आधीच खुणा करून ठेवत. हे कितीही सत्रे घेऊन सुटणारे नव्हते, आणि माझ्या अहवालात तसा परिच्छेद होता. एचआर प्रमुखांची नाराजी गुणांपेक्षा त्या परिच्छेदावर अधिक असावी, असे मला आजही वाटते.

पैशांचे बोलायचे तर दिवसाचा दर विषय, अनुभव आणि मधली एजन्सी यांप्रमाणे इतका बदलतो की माझा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. बिलातून १० टक्के प्राप्तिकर बहुधा आधीच कापला जातो, वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि १८ टक्के कर लावावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांचे पैसे हातात यायला दोन-तीन महिने जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिल्लक बजेट खर्ची घालण्यासाठी धावपळीची कामे येतात. घरखर्चाचा हिशेब त्या दोन महिन्यांवर बांधू नका. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध जागृतीचे कार्यक्रम नियमित घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, त्यामुळे ते काम वर्षभर असते, पण कायदा नीट वाचल्याशिवाय त्याला हात घालू नये.

माझा अनुभव कारखान्यांतला आहे, हे इथे सांगायला हवे. ऐरोलीच्या आयटी कार्यालयांत संवाद, नेतृत्व, ग्राहकांशी बोलणे अशा विषयांची सत्रे हॉलमध्येच होतात आणि खेळांचाही तिथे उपयोग होतो, मात्र खेळ संपल्यावर त्याचा रोजच्या कामाशी धागा जोडला गेला पाहिजे. तिथेही सत्रापूर्वी लोकांचे फोन ऐका, त्यांनी ग्राहकांना लिहिलेले ईमेल वाचा. नव्या माणसाला कामे नाकारणे परवडत नाही हेही खरे, म्हणून माझ्यासारखी अट घालून बसू नका. पण पहिल्या कोटेशनपासून त्यात सत्रापूर्वीचे निरीक्षण आणि सत्रानंतरची भेट अशा दोन वेगळ्या ओळी लिहा आणि दोन्हींना पैसे लावा, कारण फुकट दाखवलेली ओळ सर्वांत आधी खोडली जाते. एचआरने त्या खोडल्या तर ज्यांच्या विभागासाठी सत्र आहे त्या प्रमुखांची वेळ मागून घ्या. अडचण त्यांची असते आणि अशा खर्चाला ते बहुधा मंजुरी देतात.