खोलीत उजेड कमी आणि कॅक्टसची रोपं लांबुडकी होतायत, हिवाळा कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की बियांपासून केलेली रोपं ढगाळ हिवाळा सुरू झाल्यापासून फिकट पडून काचेकडे झुकायला लागली आहेत, तर पाणी तोडून त्यांना वसंतापर्यंत विश्रांती द्यावी का?

नका देऊ. हिवाळ्यात कॅक्टस थंड आणि कोरडा ठेवा, हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अंगात पाणी साठवलेल्या मोठ्या झाडासाठी आहे. वाटाण्याएवढ्या रोपाजवळ साठा कुठून येणार? ते सुकून जातं. पहिला हिवाळाभर रोपं वाढतीच ठेवावीत या मताचा मी आहे, आणि वाढती ठेवायची तर दिवा लावण्यावाचून गत्यंतर नाही.

खिडकीत बऱ्यापैकी उजेड आहे असं वाटतं, कारण आपले डोळे मंद उजेडाला लगेच सरावतात. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, तर ढगाळ हिवाळ्यात काचेपासून हातभर आतल्या टेबलावर बऱ्याचदा काहीशेच. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप मिळतं. आकडा ढोबळ असतो, पण खिडकी आणि दिवा यांची तुलना करायला पुरतो. एकदा मोजून बघाच, मग रोपं का झुकतात हे कोणी सांगायची गरज उरत नाही.

दिवा महागडाच हवा असं नाही. 5000 ते 6500 केल्विनची (हा आकडा उजेडाचा रंग सांगतो) पांढरी एलईडी ट्यूब चालते. रोपांपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर टांगा आणि टायमर लावून रोज 14 ते 16 तास चालू ठेवा. झाडांसाठी मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांखालीही रोपं वाढतात, पण मला ते आवडत नाहीत, कारण त्या उजेडात रोपाचा खरा रंगच कळत नाही, आणि आपल्याला तर रंगावरूनच सगळं ओळखायचं असतं. शेंडा निमुळता, पोपटी आणि काट्यांचे पुंजके एकमेकांपासून लांब गेलेले दिसले, तर दिवा खाली घ्या. अंग लालसर-तपकिरी व्हायला लागलं तर दिवा वर न्या (तहानेनेही असा रंग येतो, म्हणून आधी माती तपासा). अंधुक उजेडाला सरावलेली रोपं पहिल्याच दिवशी दिव्याला चिकटवू नका. 30 सेंटिमीटरवरून सुरुवात करून आठवडा-दोन आठवड्यांत खाली आणा. आणि दिवा चोवीस तास ठेवायचा मोह टाळा. बहुतेक कॅक्टस कार्बन डायऑक्साइड रात्री घेतात आणि रोप वाढेल तशी ही सवय पक्की होत जाते, त्यामुळे अंधारही लागतो.

ऊब आणि पाणी भरपूर पण उजेड तोकडा, ही जोडी सगळ्यात वाईट. हीटरच्या वरची खिडकी म्हणजे नेमकी तीच. दिवा असेल तर दिवसा 20 ते 25 अंश उत्तम. दिव्याची सोय होणारच नसेल, तर रोपं 12 ते 15 अंशांच्या जागी हलवा आणि पाणी अगदी कमी करा, पूर्ण बंद नव्हे. वाढ मंदावेल, पण निदान वेडीवाकडी होणार नाही. जातीनुसारही फरक पडतो: जिम्नोकॅलिशियम कमी उजेड बराच सोसतं, सेरियससारखे खांबासारखे वाढणारे मात्र बघता बघता सुतळी होतात.

पाणी खालून द्या. कुंडी ताटलीत ठेवायची, माती वरपर्यंत ओली झाली की उचलून निथळू द्यायची आणि पृष्ठभाग सुकला की पुन्हा. बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर दुर्लक्ष करू नका. त्रास उडणाऱ्यांचा नसतो, मातीतल्या अळ्यांचा असतो. काल टवटवीत असलेलं रोप आज आडवं पडलंय आणि बुडाशी कुरतडल्यासारखं भोक आहे, तर ते काम बहुधा त्यांचंच. मातीवर बारीक खडीचा थर द्या, पिवळे चिकट कागद लावा आणि पाण्यात बीटीआय (अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध) मिसळून द्या. रोप बुडाशी मऊ, पाणचट होऊन कोसळलं असेल तर ती बुरशी. ते लगेच काढून टाका.

आत्तापर्यंत लांबलेला भाग पुन्हा जाड होणार नाही, त्यावर नवा भाग गुबगुबीत येईल आणि मधे कंबर राहील. सध्या मानेभोवती कोरडी जाडसर वाळू किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) भरून आधार द्या. वसंतात कुंडी बदलताना थोडं खोल लावलं की कंबर बरीचशी झाकते. त्या वेळी रोपं थेट उन्हात नेऊ नका. दिव्याखाली वाढलेली त्वचा काही तासांत भाजते आणि तो डाग जन्मभर राहतो. पहिले दोन-तीन आठवडे वर पातळ पांढरं कापड असू द्या.