हलगर्जीपणामुळे कामावरून काढल्यानंतर नव्या ठिकाणी खरे कारण सांगावे का?

आपण विचारले आहे की, हलगर्जीपणाचा ठपका ठेवून कामावरून काढल्यावर नव्या मालकाला ते सांगावे का आणि जुन्या ठिकाणी अनुभवपत्र मागता येते का. सांगावे, आणि पहिल्याच भेटीत सांगावे. माझ्या थोरल्या भावाचे मत नेमके याच्या उलट आहे, आणि त्याचे ऐकल्यामुळे मी एकदा पोळलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी सात वर्षे वजनकाट्यावर होतो. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये असताना खासगी बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेला होता, आणि गाड्यांची रांग रात्री अकरानंतरही फाटकाबाहेर असे. भरलेली गाडी तोलायची, कापूस खाली झाला की तीच गाडी रिकामी पुन्हा काट्यावर घ्यायची आणि दोन वजनांतील फरकाची पावती द्यायची, हे माझे काम. जानेवारीतील एका रात्री नेहमीच्या नऊ गाड्या मी रिकाम्या तोलल्याच नाहीत. मागच्या खेपेच्या पावतीवरचे रिकामे वजन तसेच उतरवले. त्यांतील एका शेतकऱ्याने ट्रॉली बदलून आणली होती आणि ती पहिलीपेक्षा अडीच क्विंटलने जड होती. बाकीच्या गाड्यांचा थोडाथोडा फरक धरता चार क्विंटल कापूस पावत्यांवर चढला, तो गंजीत नव्हताच. दुसऱ्या दिवशी दिवसपाळीच्या बाबूने तीच ट्रॉली रिकामी तोलली, तेव्हा सारे उघड झाले.

मी कोणाकडून एक रुपया घेतला नव्हता, पण मालकाचे चाळीस हजार माझ्यामुळे गेले होते. कारणे दाखवा नोटिशीला मी हे जसेच्या तसे लिहून दिले, चौकशी झाली आणि मार्चमध्ये मला काढले. ग्रॅच्युइटी मिळणार नाही असेही सांगितले गेले. येथे मात्र मी गप्प बसलो नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे, निष्काळजीपणाने नुकसान केल्याबद्दल काढले असेल, तर नुकसानीपुरतीच ग्रॅच्युइटी रोखता येत होती. माझा शेवटचा पगार १३,००० रुपये होता. त्याला २६ ने भागून १५ दिवसांचे ७,५०० आणि सात वर्षांचे ५२,५०० होत होते. कामगार कार्यालयात लेखी अर्ज दिल्यावर चाळीस हजार वजा जाऊन उरलेले १२,५०० मला मिळाले. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम तर कोणत्याही कारणाने काढले तरी आपलीच असते, त्यात मालकाचा वाटाही आला.

त्यानंतर दादा म्हणाला, ‘सांगायचेच कशाला? हंगाम संपला म्हणून सोडले, एवढेच सांग.’ पुढच्या हंगामात हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मी तेच सांगितले आणि कामाला लागलो. बाराव्या दिवशी एक दलाल आला, त्याने मला ओळखले आणि सहज बोलण्यात सर्व सांगून टाकले. संध्याकाळी हिशेब करून मला घरी पाठवण्यात आले. पहिल्यांदा काढले ते माझ्या चुकीमुळे, दुसऱ्यांदा खोटेपणामुळे, आणि दुसरे मला अधिक लागले. ते बारा दिवस फाटकात गाडी आली की तिच्यातून कोण उतरतो, इकडेच माझे लक्ष असे.

तिसऱ्या ठिकाणी, वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन गोदामात, मी बसताच काढल्याचा आदेश अध्यक्षांपुढे ठेवला. त्या काकाजींनी तो दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, ‘रात्री बाराला चाळीस गाड्या उभ्या असल्या तर काय कराल?’ मी म्हटले, ‘चाळीसही रिकाम्या तोलेन, पहाट झाली तरी चालेल.’ तीन महिने ९,००० रुपयांवर पारखून त्यांनी मला कायम केले.

दादाचे अजूनही म्हणणे आहे की तो दलाल आला नसता, तर मी आज हिंगणघाटला दुप्पट पगारावर असतो. हे साफ चुकीचे आहे. कापसाच्या धंद्यात दलाल, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर आणि काट्यावरची माणसे दर हंगामात पांढरकवड्यापासून हिंगणघाटपर्यंत फिरत असतात. तो बाराव्या दिवशी आला नसता, तर दिवाळीनंतर दुसरा कोणी आला असता.

मात्र आपल्यावरील आरोप खोटा असेल किंवा पोलिसांत तक्रार झाली असेल, तर माझ्यासारखे काहीही लिहून देऊ नका, आधी वकिलाला भेटा. राज्य शासनाच्या नोकरीतून काढले असेल, तर आदेशातील शब्द पाहा: ‘सेवेतून काढून टाकणे’ यामुळे पुढील शासकीय नोकरीचा मार्ग बंद होत नाही, ‘बडतर्फ’ केल्यास सामान्यतः होतो.

अनुभवपत्र जरूर मागा, पण त्यात फक्त कालावधी आणि पद मागा. शिफारस मागितली की कागद अडकतो. माझे चार ओळींचे आहे. ते आणि तो आदेश मी एकाच पाकिटात ठेवतो, आणि दादाला नेमके हेच पटत नाही.