८० बाय-इन हाताशी आहेत, नोकरी सोडू का?

प्रश्न : वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, सध्याच्या कंपनीत ४ वर्षं ४ महिने झाले. हातात पगार १ लाख १५ हजार, पत्नीचा ४० हजार. गृहकर्जाचा ३८ हजारांचा हप्ता धरून घरखर्च ८५ हजार. मुलगी तीन वर्षांची. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पोकर बंद होईपर्यंत २५/५० च्या टेबलांवर (सक्तीच्या लहान-मोठ्या पैजा २५ आणि ५० रुपयांच्या) ४० हजार हँड, म्हणजे डाव, खेळलो, १ लाख २० हजार नफ्यात राहिलो. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ७ लाख. हे १६ लाख बँकरोल, म्हणजे फक्त खेळासाठीचं भांडवल, धरून पणजीच्या कॅसिनोंत १००/२०० वर पूर्णवेळ खेळायचा विचार आहे. बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना न्यायची रक्कम, २० हजारांची; असे ८० बाय-इन होतात. ३०-४० पुरतात असं सगळे म्हणतात. एकदा क्रेडिट कार्डावरून ४० हजार टाकले होते, ते फेडले. घरी अजून बोललो नाही. निर्णय बरोबर वाटतो का?

उत्तर : भागाकार तुम्ही बरोबर केलात, पण ज्या रकमेला भागलंत ती बँकरोल नाही. ज्या पैशातून घरात किराणा येतो त्याला बँकरोल म्हणत नाहीत. शेतकरी पेरणीचं बियाणं वेगळं काढून ठेवतो. तुम्ही खायचं आणि पेरायचं धान्य एकाच कणगीत ओतलंत आणि मग पोती मोजलीत.

आता वेगळं करून बघू. तुमचा पगार थांबला की पत्नीच्या ४० हजारांनंतर घराला दरमहा ४५ हजार कमी पडणार. पणजीत खोली, जेवण, येणं-जाणं हे सगळं काटकसरीनं २५ हजारांत बसलं, तरी महिन्याला ७० हजार, वर्षाला ८ लाख ४० हजार लागतील. सहा महिन्यांचा घरखर्च, ५ लाख १० हजार, अडीनडीसाठी बाजूला काढायलाच हवा. १६ लाखांतून हे दोन्ही वजा केले की उरतात अडीच लाख. म्हणजे १२ बाय-इन. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जाणार, त्याचा हप्ता मी अजून धरलेला नाही.

तुम्ही म्हणाल, तोवर मी जिंकत असेनच की. मान्य. महिन्याला १०० तास बसलात तर ७० हजारांसाठी तासाला ७०० रुपये, म्हणजे साडेतीन बिग ब्लाइंड (२०० रुपयांची ती मोठी सक्तीची पैज) सुटले पाहिजेत. लाइव्ह टेबलावर सुट्टीला आलेली मंडळी भरपूर असतात, तिथे चांगल्या खेळाडूला हे अशक्य नाही. इथपर्यंत मी तुमच्या बाजूनं आहे.

गाडी अडते ती करापाशी, आणि तुमच्या पत्रात कराचा एक शब्दही नाही. तुम्हाला सवय ऑनलाइनची. तिथे २०२३-२४ पासून वर्षभराच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के होते, हार-जीत एकत्र धरली जायची. कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळाला ती सवलत नाही. दर तोच ३० टक्के, उपकर धरून ३१.२, पण जिंकलेल्या रकमेतून हरलेली रक्कम वजा होत नाही. खोलीचं भाडं आणि बसचं तिकीटही नाही.

याचा अर्थ काय होतो ते मी मांडून पाहिलं. वर्षात २४० बैठका, प्रत्येकी पाच तासांच्या. ताशी ३० हँड धरले, चढउतार (प्रमाण विचलन) १०० हँडमागे ९० बिग ब्लाइंडचा धरला, आणि तुम्ही खरोखरच वर्षाला ८ लाख ४० हजार कमावता असंही धरलं. अशा वर्षात जिंकलेल्या बैठकांची बेरीज साधारण साडेपंचवीस लाख येते, हरलेल्यांची १७ लाख १० हजार. कर साडेपंचवीस लाखांवर : ७ लाख ९६ हजार. हातात उरले ४४ हजार. महिन्याचे नव्हे, वर्षाचे!

काही सीए सांगतील की पोकर कौशल्याचा खेळ आहे, व्यवसायाचं उत्पन्न दाखवू. तो वाद आहे, निकाली निघालेली गोष्ट नाही, आणि लढायची वेळ आली तर खर्च तुमचा. रोखीत खेळू, कोणाला कळतंय, या वाटेवर मी सल्ला देत नाही. परदेशी ॲपचंही तेच. ऑनलाइन पैशांचे खेळ बंद करणाऱ्या २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण अशा खेळासाठी पैसे वळते करायला बँकांना बंदी आहे. परकीय चलनाचे नियम तर आधीपासूनच आडवे येतात.

तुमच्या १ लाख २० हजारांबद्दल थोडं कडू बोलतो. ४० हजार हँडमध्ये हा दर १०० हँडमागे ६ बिग ब्लाइंड पडतो. पण एवढ्या नमुन्यात अंदाज दोन्हीकडे सुमारे ९ नं चुकू शकतो. म्हणजे तुमचा खरा दर १५ असेल, २ असेल, शून्याच्या खालीही असेल. गणपतीच्या जागरणात सलग तीन वर्षं जिंकणारा एक काका प्रत्येक गावात असतो, आणि चौथ्या वर्षी तो पत्ते पिसणाऱ्याला दोष देत असतो. तुम्ही काका आहात असं मी म्हणत नाही. नाही आहात हे सांगायला हा नमुना अपुरा आहे, एवढंच.

आणि ते क्रेडिट कार्ड. एका ओळीत सांगून तुम्ही पुढे गेलात, मी तिथेच थांबलो. ४० हजार फेडलेत हे चांगलंच, पण बाय-इन संपल्यावर पगार येत असतानाही हात कार्डाकडे गेला. पगार नसताना तो फंडाकडे जाईल, आणि त्या ७ लाखांत मुलीच्या शिक्षणाचे पैसेही असणार. पुन्हा असं झालं आणि हात आवरेना असं वाटलं, तर माझ्याकडे येण्याआधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, मोफत आहे.

मग करायचं काय? खेळ सोडा असं मी म्हणणार नाही. एफडीतून २ लाख वेगळ्या बचत खात्यात टाका. संपले तर संपले, पुन्हा भरायचे नाहीत. पोकरपटू ख्रिस फर्ग्युसननं २००६ मध्ये शून्यातून दहा हजार डॉलर करायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा एका कॅश टेबलावर बँकरोलच्या ५ टक्क्यांहून जास्त न्यायचं नाही असा नियम ठेवला होता. पुढे हा माणूस त्याच्या कंपनीवरून वादात सापडला, पण नियम चोख आहे. तुमच्या २ लाखांना तो १० हजार देतो, म्हणजे १००/२०० वर अर्धाच बाय-इन. लहान टेबल मिळालं तर बसा, नाही तर मांडवीवर फेरफटका मारून परत या. प्रत्येक बैठक वहीत लिहा : तारीख, तास, किती नेले, किती आणले, कर किती बसेल. वही पत्नीला दिसेल अशा जागी ठेवा. त्यासाठी आधी तिच्याशी बोलावं लागेल, आणि ते या आठवड्यात बोला.

पूर्णवेळ खेळणं अंगाला मानवतं का बघायचं असेल तर महिनाभराची बिनपगारी रजा मागा. ३ हजार हँडमध्ये तुम्ही जिंकता की नाही हे मुळीच कळणार नाही. मात्र सलग चार बैठका हरल्यावर पाचव्या दिवशी तुम्ही किती वाजता उठता, हे कळेल.

राजीनामा निदान आठ महिने तरी नको. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. मूळ पगार ६० हजार असेल तर ते १ लाख ७३ हजार होतात, म्हणजे ४० हजार हँडमध्ये कमावलेत त्याहून जास्त. मूळ पगाराचा आकडा पगारपत्रकावर बघून कळवा.