आधी माईक, मग कॅमेरा

तिघांचा गट, दहा मिनिटांची व्हिडिओ मुलाखत, हाताशी एक मोबाइल. मग चांगला कॅमेरा भाड्याने आणावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आणू नका. तेच पैसे कॉलर माईकवर, म्हणजे कपड्याला लावायच्या छोट्या माईकवर घाला. चित्र जरा डावं असलं तरी लोक चालवून घेतात, पण आवाज घुमायला लागला की अर्ध्या मिनिटात उठून जातात.

माझी पहिली मुलाखत अशीच मातीत गेली. चित्र झकास होतं. पण ज्यांची मुलाखत घेत होतो त्या बाईंच्या गळ्यातली माळ माईकवर घासत होती आणि त्यांनी हातवारे केले की खर्र खर्र. हेडफोन? बॅगेत. त्याहून वाईट म्हणजे माझाच आवाज. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर "हो का?", "अरे वा!", "बरोबर, बरोबर". एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं, एकही वाक्य सुटं कापता येत नाही, प्रत्येकाच्या शेपटाला माझं "हं" चिकटलेलं. तेव्हापासून तोंड मिटून नुसती मान डोलावतो. सुरुवातीला फार अवघड जातं.

तर माईक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर, वायर कपड्याच्या आत, आणि माळ-ओढणी जवळपास नको. लेव्हल, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी, अशी ठेवा की मोठ्याने बोललं तरी ती दाखवणारा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड शिवता येत नाही. तपासताना "हॅलो, वन टू थ्री" म्हणायला लावू नका, तसं कुणी मुलाखतीत बोलत नाही. "सकाळपासून काय काय केलंत?" एवढं विचारा, लेव्हलही कळते आणि माणूसही सैलावतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात तर आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय निघताच येणार नाही.

तिघांपैकी एकाने सतत हेडफोन लावून बसायचं, त्याला दुसरं काम नाही. एक कॅमेऱ्याशी, एक प्रश्न विचारायला.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. लेन्स बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. विचारणारा लेन्सला अगदी खेटून बसतो, म्हणजे नजर कॅमेऱ्याच्या जवळ राहते. तो लांब बसला तर नुसता गाल दिसतो. नजर ज्या बाजूला, त्या बाजूला फ्रेममध्ये जास्त जागा. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी. फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा, नाहीतर मधेच चेहरा पिवळा पडतो. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की ट्यूबलाइटचे पट्टे सहसा दिसत नाहीत. मोबाइल एअरप्लेन मोडवर, आणि लेन्स रुमालाने पुसून घ्या. हसू नका, बऱ्याच धूसर क्लिपा बोटांच्या डागांमुळे असतात.

आता प्रश्न. तुमचा आवाज अंतिम व्हिडिओत ठेवणार नसाल तर "हे काम कधी सुरू केलंत?" असं विचारून उपयोग नाही. उत्तर येतं, "कॉलेज संपल्यावर." काय संपल्यावर काय, प्रेक्षकाला पत्ताच नाही. "या कामाची सुरुवात कशी झाली ते सांगा ना" म्हणा, आणि उत्तरात विषय पुन्हा घ्यायची विनंती आधीच करून ठेवा. प्रश्नांचा कागद मांडीवर असू दे, पण त्यात डोकं घालून बसू नका. तुम्ही पुढचा प्रश्न वाचायला लागलात की समोरचा बोलणं आवरतं घेतो. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला जितकी खुपते तितकीच त्यांनाही खुपते, आणि ती भरायला ते जे बोलतात ते बहुतेक वेळा आधीच्या उत्तरापेक्षा खरं असतं.

हातांचे, वस्तूंचे, कामाचे शॉट मुलाखतीनंतर घ्या. तोवर ते कशाबद्दल बोलले हे माहीत असतं, आणि कापलेल्या जागा झाकायला नेमकं तेच लागतं. मग सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा, आवाजातले जोड बुजवायला तो लागतोच.

माईक वायरलेस असेल तर निरोप घेण्याआधी त्यांच्या खिशातला ट्रान्समीटर, म्हणजे माईकचा आवाज पाठवणारी डबी, काढून घ्या. आमचा एकदा पाहुण्यांबरोबर घरी गेला होता, दोन दिवसांनी धुवायच्या कपड्यांत सापडला.