'फॉरेस्ट' म्हणजे झाडी की हद्द?

प्रश्न असा आहे: इंग्रजी शब्दकोशांत 'फॉरेस्ट' म्हणजे दाट झाडीचा मोठा प्रदेश असा अर्थ दिलेला असतो, मग आपल्याकडे खेड्यांत एकही मोठे झाड नसलेल्या माळाला लोक 'फॉरेस्टची जमीन' कसे म्हणतात, आणि हा वापर चुकीचा मानावा का?

माझ्या मते तो चुकीचा नाही. किंबहुना, या शब्दाचा जो जुना अर्थ रोजच्या इंग्रजीत मागे पडला, तोच खेड्यातल्या या वापरात जिवंत आहे. 'फॉरेस्ट' हा मुळात झाडांविषयीचा शब्द नव्हता; जमिनीवर हुकूम कोणाचा चालतो, हे सांगणारा तो कायद्याचा शब्द होता.

लॅटिनमध्ये 'फोरिस' म्हणजे 'बाहेर' आणि 'सिल्वा' म्हणजे झाडी. आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागावर राज्य करणाऱ्या फ्रँक राजांच्या दानपत्रांत सातव्या शतकापासून 'फोरेस्तिस' हा शब्द दिसू लागतो, आणि 'फोरेस्तिस सिल्वा' म्हणजे बाहेरची झाडी, अशी त्याची सर्वांत रूढ व्युत्पत्ती दिली जाते. बाहेरची म्हणजे कुंपण घातलेल्या शिकारबागेच्या बाहेरची, पण तरीही राजासाठी राखलेली. दुसरे मत असे की, न्यायसभा या अर्थाच्या 'फोरुम' शब्दाशी त्याचा संबंध असावा, म्हणजे राजाच्या न्यायाधिकाराखालचा प्रदेश. या दोहोंपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी शब्दाचा भर झाडांवर नसून अधिकारावर आहे, ही गोष्ट कायम राहते. यातील 'फोरिस' हा शब्द 'दार' या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या कुळातला आहे आणि ते कुळ थेट संस्कृत 'द्वार', आपले 'दार' आणि इंग्रजी 'डोअर' यांच्याशी जुळते. परका या अर्थाचा 'फॉरेन'ही याच घरचा. फ्रेंचांनी पुढे या शब्दातला स गाळून 'फोरे' असा उच्चार केला, इंग्रजीत तो स राहिला.

इंग्लंडमध्ये झाडीसाठी 'वूड' हा शब्द आधीपासून होताच. 1066 मध्ये फ्रान्समधून नॉर्मन विजेते आले आणि त्यांच्यामागून 'फॉरेस्ट'ही आला, तो वनकायद्यासकट. त्यांच्या विल्यम राजाने 1079 च्या सुमारास 'न्यू फॉरेस्ट' निर्माण केले, असे इतिहासात आपण वाचतो, तेव्हा त्याने झाडे लावली असे कोणी समजू नये. एका मोठ्या प्रदेशाला त्याने आपल्या शिकारीचा कायदा लागू केला. त्या हद्दीत झाडी होती, तशीच गवताळ आणि खुरट्या झुडपांची मोकळी जमीन होती, गावे होती, शेते होती. हरिणाला हात लावणे गुन्हा, परवानगीशिवाय नवी जमीन नांगराखाली आणणे गुन्हा. एवढेच नव्हे, तर गावकऱ्यांच्या मोठ्या कुत्र्यांनी हरिणांचा पाठलाग करू नये म्हणून त्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटण्याची पद्धत होती. या जाचाविरुद्धचा असंतोष इतका वाढला की 1217 मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या नावाने स्वतंत्र वनसनद काढावी लागली. हरिण मारले म्हणून कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, असे तिने मान्य केले, आणि या प्रदेशात डुकरे चारण्यासारखे लोकांचे जुने हक्क पुन्हा नोंदले. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेचे नाव सर्वांना ठाऊक असते. सामान्य माणसाच्या चुलीशी आणि गोठ्याशी अधिक जवळची असलेली ही सनद मात्र फारशी कोणाला माहीत नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

जुन्या अर्थाचे पुरावे आजही नकाशावर आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूरच्या मधल्या उंच, जवळजवळ निर्वृक्ष पठाराला 'डार्टमूर फॉरेस्ट' म्हणतात, आणि स्कॉटलंडमधील 'डिअर फॉरेस्ट' म्हणजे हरिणांच्या शिकारीसाठी राखलेल्या बहुधा उघड्या टेकड्या. 'अफॉरेस्ट' या क्रियापदाचा आजचा अर्थ वृक्षलागवड करणे असा असला, तरी पूर्वी त्याचा अर्थ एखादा प्रदेश वनकायद्याखाली आणणे एवढाच होता. झाडांचा अर्थ शब्दाला हळूहळू चिकटला आणि राजांच्या शिकारी संपल्यावर तोच मुख्य झाला.

आपल्याकडे हा शब्द आला तो मुख्यतः खात्याच्या रूपाने. 1864 मध्ये डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली वनखाते उभे राहिले, पाठोपाठ 1865, 1878 आणि 1927 चे वनकायदे झाले. 1927 च्या कायद्यात 'फॉरेस्ट' या शब्दाची व्याख्याच नाही. मात्र सरकारी मालकीची वनजमीन किंवा पडीक जमीन 'राखीव वन' म्हणून घोषित करता येते, असे त्यात म्हटले आहे. पडीक माळ अधिसूचनेने 'फॉरेस्ट' होतो, तो असा. गावातला माणूस 'ती फॉरेस्टची हाय' म्हणतो, तेव्हा तिथे काय उगवते हे तो सांगत नसतो. तिथे कुऱ्हाड आणि जनावरे नेली तर गार्ड अडवील, हे सांगत असतो. नॉर्मन काळातल्या इंग्लंडमधील शेतकऱ्यालाही हा शब्द याच अर्थाने कळला असता. उलट, सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणातील 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात 'फॉरेस्ट' हा शब्द शब्दकोशातील अर्थाने घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असे सांगितले, आणि कागदावर वन नसलेल्या झाडीलाही त्यामुळे संरक्षण मिळाले.

जाता जाता 'अरण्य' शब्दाकडेही लक्ष वेधतो. संस्कृतात 'अरण' म्हणजे दूरचे, परके. त्यावरून 'अरण्य', म्हणजे गावाबाहेरचा मुलूख. म्हणून वैदिक वाङ्मयात ग्राम आणि अरण्य ही जोडी विरोधाने येते. त्याच 'अरण्या'पासून झालेले आपले 'रान' मात्र उलट दिशेने घराजवळ आले: 'दादा रानात गेलाय' म्हणजे बहुतेक वेळा शेतात गेलाय. 'बाहेर' या कल्पनेतूनच दोन्ही शब्द निघाले. एकावर राजाचा शिक्का बसला आणि दुसरे कुणब्याच्या वहिवाटीत आले.

तेव्हा भाषांतर करताना मध्ययुगीन इंग्लंडच्या संदर्भातला 'फॉरेस्ट' सरसकट 'जंगल' असा करू नये. 'राजाचे राखीव रान' हे अधिक नेमके होईल. आजच्या निसर्गवर्णनात 'अरण्य' किंवा 'जंगल' चालेल, कायद्याच्या मजकुरात 'वन' हाच शब्द ठेवावा, आणि बोलण्यातली 'फॉरेस्टची जमीन' तशीच राहू द्यावी.