बिश्केकमधली संध्याकाळ मोकळी ठेव

प्रिय,

किर्गिझस्तानच्या राजधानीतून, बिश्केकहून आलेली तुझी मेल वाचली. काम मार्गी लागलंय, मुलं ऐकतात, रशियनही अडखळत का होईना बोलतेस. पण संध्याकाळ खायला उठते म्हणतेस. दीड महिन्यात मैत्रीण म्हणावी अशी एकही झाली नाही, याचं एवढं मनावर घेऊ नकोस. मात्र थंडी पडायच्या आत हातपाय हलव. हिवाळ्यात तिथे घराघरांत कोळसा जळतो आणि शहरावर धुराची चादर बसते. आज एर्किंदिक या रस्त्यावरच्या झाडांखाली बाकांवर जी मंडळी गप्पा छाटत बसलेली दिसतात, ती तेव्हा घराबाहेर फिरकत नाहीत. भेटीगाठी घरांत होतात, आणि घरचं बोलावणं यायचं तर ओळख आधीच झालेली हवी.

आता तुला न आवडणारी गोष्ट आधी सांगते. रोजचा घरचा फोन कमी कर. बिश्केकचं घड्याळ आपल्यापेक्षा जेमतेम अर्धा तास पुढे आहे. कॅनडाला गेलेल्या पोरांची निदान तिथली संध्याकाळ सुटते, कारण ती कामावरून येतात तेव्हा इथे सगळे झोपलेले असतात. तू सात वाजता खोलीवर पोचतेस, तेव्हा इकडे साडेसहा वाजलेले असतात आणि आई फोनची वाटच बघत असते. मग आजी, मग भाऊ, मग भाजीत मीठ किती घालायचं यावर चर्चा. साडेआठ कधी वाजले कळत नाही. लोकांना भेटायची वेळ नेमकी तीच असते. आठवड्यातले दोन दिवस ठरवून घे, बाकीच्या दिवशी मेसेज पुरे. आई आठवडाभर फुगेल, मग सवय होईल.

दुसरं, तुमचा स्वयंसेवकांचा गट. जर्मन, कोरियन, तू, सगळे एकाच फ्लॅटमध्ये आणि सगळे एकाच नावेत. तिथे गट्टी चटकन जमते, म्हणूनच जरा जपून. ही मंडळी सहा-आठ महिन्यांत पांगणार. स्थानिक माणसं सुरुवातीला हात राखून वागतात, त्याचंही कारण मला हेच वाटतं. त्यांनी असे कितीतरी पाहुणे येताना आणि जाताना पाहिलेत. तू किती दिवस आहेस ते विचारतील तेव्हा खरं सांग. ‘बघू, कदाचित राहीनही’ असं गुळमुळीत बोललीस, तर त्यांना पुढची गोष्ट आधीच ठाऊक असते.

तुझ्याभोवती इंग्रजीचा सराव करायला आलेली तरुण मंडळी जमत असतील. वाईट काही नाही, पण त्या मैत्रीची शिकवणी होते आणि तू नोकरीवरच असल्यासारखी राहतेस. त्यापेक्षा बोलणं दुय्यम असेल असं काहीतरी धर. व्हॉलीबॉल, नाच, काहीही. मी तुझ्या जागी असते तर डोंगर धरला असता. अला-आर्चाचं राष्ट्रीय उद्यान शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि रविवारी गटाने तिकडे जाणारे पुष्कळ असतात. सह्याद्रीत पाय घासलेल्या मुलीला चढ नवा नाही. फक्त तिथली हवा विरळ आहे आणि बर्फ लवकर पडतं, तेव्हा पहिल्याच दिवशी शौर्य नको. दुपारी सगळे आपापले डबे उघडतात: उकडलेली अंडी, काकड्या, कुरुत नावाच्या सुकवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. तू पोळीचा लाडू ने. दोन-तीन रविवार तीच तोंडं दिसली की लोक आपणहून नाव विचारतात. दुकानात, बसमध्ये कुणी हसत नाही म्हणून लिहिलंयस, त्यावर फार विचार करू नकोस. अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची तिकडे रीत नाही, एवढंच. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा मात्र न सांगता द्यायची.

आणि एकदा घरात घेतलं की मग काही विचारू नकोस. बूट दाराशी काढायचे, उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही. दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची. तुला तिथे बसवलं तर एकदा संकोच दाखवून मुकाट बस. चहा पियालात, म्हणजे कान नसलेल्या छोट्या वाडग्यात, अर्धाच ओततात. कद्रूपणा नव्हे तो. पियाला पुन्हा पुन्हा भरायला मिळावा, तुझ्याकडे लक्ष राहावं, म्हणून तसं. घाईत असलीस तरी नानचा एक तुकडा मोडून तोंडात टाक, आणि नान कधी उलटा ठेवू नकोस. जेवण संपलं की सगळे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. त्यानंतर ताटातलं काही उचलायचं नाही. वय किती, पगार किती, लग्न का नाही, हे सगळं विचारतील. एसटीत शेजारी बसलेली मावशी विचारते, तितक्याच निर्मळपणे. मोठ्या बाईला ‘एजे’ म्हण, मोठ्या पुरुषाला ‘बाइके’. आपल्याकडे नुसत्या नावाने ताई-दादांना हाक मारत नाहीत, तसंच तिथेही.

राज कपूर, मिथुन ही नावं ऐकून वयस्क मंडळी खुलतील. पहिल्या पाच मिनिटांना ते छान आहे. पुढचं बोलणं तुलाच करायचंय.

मेडिकलला आलेली आपली मुलं तिथे हजारोंनी आहेत, त्यांत मराठीही भरपूर. अधूनमधून जा, वरण-भात खा, मन हलकं कर. मुक्काम मात्र तिथे हलवू नकोस. मे २०२४ मधल्या त्या रात्री जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा आपल्या दूतावासाला विद्यार्थ्यांना घरातच थांबायला सांगावं लागलं होतं. भीती घालत नाही. दूतावासाकडे नाव नोंदवलं नसलंस तर या आठवड्यात नोंदव. आणि रात्री एक वाजता फोन उचलेल अशी, त्याच इमारतीतली एखादी एजे जोडून ठेव. मैत्रीचा हाही एक भाग आहे.

आता शनिवारचं. शाळेतल्या बाईंनी वाढदिवसाला बोलावलंय आणि तू ‘बघते’ म्हणालीस. जा. फुलं विषम संख्येत ने, सम संख्येची अंत्यविधीला नेतात. आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अशुभ मानतात. पीत नसशील तर पहिला ग्लास भरायच्या आतच सांग. एकदा भरल्यावर नको म्हणणं जड जातं. ज्यूस घेतलास तरी टोस्टची, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छांचं बोलायची, पाळी चुकत नाही. टेबलावरचा प्रत्येक जण उभा राहून बोलतो, आणि परदेशी पाहुण्याकडे सगळे कान देऊन असतात. तीन-चार वाक्यं रशियनमध्ये आधीच पाठ करून जा: बाईंच्या तब्येतीसाठी, त्यांच्या मुलांसाठी, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी तुला वर्ग कसा सांभाळायचा ते दाखवलं त्याबद्दल. व्याकरण चुकलं तरी चालेल, पण पुटपुटू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. तू शाकाहारी आहेस हे बाईंना आजच कळव, आणि नीट फोड करून कळव. नुसतं ‘मांस नको’ म्हणालीस तर तुकडे बाजूला काढून तेच सूप पुढ्यात येईल. बटाट्याचं किंवा भोपळ्याचं सामसा (तिकडचा भाजलेला समोसा) चालेल म्हणून सांग, त्यांनाही सोपं जाईल.